वैद्याने व्यवहार कुठे शिकावा?

आश्विन वद्य त्रयोदशीला गावोगावचे वैद्य धन्वंतरीची पूजा करतात, कडुनिंबाची पाने आणि साखरेचा प्रसाद वाटतात. २०१६ पासून सरकारी आयुर्वेद दिनही याच तिथीला होत असे. २०२५ पासून त्याला २३ सप्टेंबर ही कायमची तारीख मिळाली आणि त्या वर्षीचा मुख्य सोहळा गोव्यातल्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत झाला. मंत्र्यांची भाषणे आणि प्रदर्शने तिकडे गेल्यामुळे धन्वंतरी जयंती पुन्हा वैद्यांची, घरची झाली आहे. घरात बोलायच्या गोष्टी या दिवशी बोलता येतील. त्यातली एक फार काळ टाळली गेली आहे, ती म्हणजे वैद्याच्या पोटापाण्याची.

बीएएमएसचा विद्यार्थी साडेचार वर्षे शिकतो, वर्षभर आंतरवासिता करतो. संहिता, द्रव्यगुण, पंचकर्म सारे त्याच्या हाती येते. पण दवाखान्याच्या जागेचा करार कसा वाचायचा, तपासणीची फी किती ठेवायची, केसपेपर कसे जपायचे, मदतनिसाचा पगार आणि कर यांचा मेळ कसा घालायचा, हे त्याला कुणी धड सांगत नाही. मग कित्येक जण खासगी रुग्णालयात आरएमओ म्हणून रात्रपाळी पत्करतात. आयुर्वेदाचाच दवाखाना थाटण्याची हिंमत करणाऱ्यांना थोड्याच दिवसांत जाहिरातवाल्यांचे फोन येऊ लागतात: ‘डॉक्टर, तुमचं पेज आम्ही सांभाळतो.’ महिन्याला इतक्या रील, इतक्या जाहिराती, इतके पेशंट असे पॅकेज ठरते. मजकूरही तेच लिहितात. मधुमेहातून कायमची मुक्ती, गुडघेदुखी हमखास बरी, ऑपरेशनची गरज नाही. खाली वैद्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक. मजकूर कुणीही लिहिलेला असो, उत्तर त्या नावालाच द्यावे लागते.

‘औषधे आणि चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा’ १९५४ सालचा आहे. त्याच्या अनुसूचीत ५४ रोग आणि विकार आहेत, त्यांत मधुमेह आहे, कर्करोग आहे, लठ्ठपणाही आहे. ते औषधाने बरे होतात अशी जाहिरात करणे गुन्हा आहे. पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इंडियन मेडिकल असोसिएशनने २०२२ मध्ये केलेल्या याचिकेवर पतंजलीला आपल्या जाहिरातींबद्दल एप्रिल २०२४ मध्ये वर्तमानपत्रांतून जाहीर माफी मागावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज असते. तालुक्याच्या गावी एकट्याने बसणाऱ्या वैद्याकडे काय असते?

याच कायद्यात एक कलम आहे, ते मात्र फारसे कुणी सांगत नाही. नोंदणीकृत वैद्याने आपल्या दवाखान्यावर अमुक रोगावर इथे उपचार केले जातात अशी पाटी लावली, तर तिला हा कायदा आड येत नाही. शास्त्रीय भूमिकेतून प्रामाणिकपणे लिहिलेल्या ग्रंथालाही सूट आहे. म्हणजे पाटी आणि लेखणी या दोन वाटा सत्तर वर्षांपासून खुल्या आहेत. पुण्याचे वैद्य प. य. खडीवाले यांनी वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांतून पथ्यापथ्य आणि परसातल्या वनस्पती लोकांना समजावून सांगितल्या. त्या लिखाणाने कितीतरी घरांत आयुर्वेदाची ओळख करून दिली, आणि अशी ओळख कोणत्याही पॅकेजात विकत मिळत नाही.

वैद्यकीचा बाजार मांडू नये, असे म्हणणाऱ्यांचा धाक आपल्याकडे मोठा आहे आणि त्याला आधारही आहे. चिकित्सा विकणारा सोन्याची रास सोडून धुळीची रास कवटाळतो, असे चरकसंहिता सांगते. पण तीच संहिता माणसाच्या तीन एषणा, म्हणजे इच्छा, सांगताना प्राणानंतर लगेच धनाची एषणा ठेवते आणि साधनांवाचून लाभलेल्या दीर्घायुष्यासारखे दुसरे पाप नाही असेही म्हणते. चरकाला वैद्याचे दारिद्र्य नको होते. त्याला नको होता तो सूत्रस्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायातला भोंदू: कुणी आजारी पडल्याचे कानावर येताच धावत जाणारा, आपले गुण मोठ्याने सांगणारा, आधीच्या वैद्याचे दोष काढणारा, रुग्णाच्या आप्तांना गोड बोलून वश करणारा, आणि रोगी दगावला की दोष रुग्णाच्याच माथी मारणारा. आजची रील पाहताना हे वर्णन जुने वाटत नाही. ज्या तरुण वैद्याने परीक्षेसाठी हा अध्याय पाठ केला, त्याच्याच नावावर ती रील फिरते, याचे दुःख आहे.

यातून सुटायचे तर आधी फीविषयी बोलले पाहिजे. आयुर्वेदात पहिली तपासणी लांबते. नाडी, जीभ, कोठा, झोप, आहार, जुने कागद यांत पाऊण तास सहज जातो. त्या वेळेचे पैसे मागायला वैद्याला संकोच वाटतो, म्हणून ते पुड्यांच्या किमतीत मिसळले जातात. मग जास्त औषध दिले तरच दवाखाना चालतो, आणि पथ्य सांगून औषधाशिवाय परत पाठवणारा वैद्य घाट्यात जातो. तपासणीची फी वेगळी, औषधाचे बिल वेगळे, दोन्हींची पावती: एवढे केले तरी रुग्णाला विश्वास वाटतो आणि वैद्यालाही ताठ मानेने सल्ला देता येतो. हे पाऊल अवघड आहे, कारण शेजारचा दवाखाना फुकट तपासतो. म्हणूनच ते एकेकट्याने न टाकता गावातल्या वैद्यांनी मिळून टाकावे.

रुग्णाला सांगण्यासारखेही वैद्याकडे पुष्कळ असते. वसंतात वमन, वर्षेत बस्ती, शरदात विरेचन हे शास्त्रातच ठरलेले वेळापत्रक आहे. ऋतू पालटताना जुन्या रुग्णाला त्याच्या संमतीने साधा निरोप धाडावा. दवाखान्याच्या वेळा, वैद्याचे शिक्षण, कोणते उपचार होतात, किती दिवस लागतात, कोणत्या रुग्णाला आपण तज्ज्ञाकडे पाठवतो, हे स्पष्ट लिहावे. पंचकर्माची खोली, स्वेदनाची पेटी आणि शिकलेला मदतनीस एकट्याला परवडत नसेल, तर चौघांनी मिळून चालवावे. १ एप्रिल २०२४ पासून आरोग्य विम्यात आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीचे स्थान मिळाले आहे, पण त्याचा लाभ रुग्णाला हवा तर किमान पाच खाटांचे आयुष रुग्णालय किंवा मान्य डे-केअर केंद्र लागते, नीट नोंदी लागतात. एका छोट्या दवाखान्याच्या आवाक्यातले हे नाही. सहकाराच्या महाराष्ट्रात चार वैद्यांना एकत्र येणे जड जाऊ नये.

हे शिकवण्याची जबाबदारी महाविद्यालयांनी आंतरवासितेच्या वर्षातच घेतली पाहिजे. महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेने पाटीचा, माहितीपत्रकाचा आणि संकेतस्थळावरच्या मजकुराचा नमुना मराठीत छापून प्रत्येक नव्या नोंदणीबरोबर द्यावा. काय लिहिलेले चालते, काय नाही, हे उदाहरणांसह. जाहिरात छापण्यात वा प्रसिद्ध करण्यात भाग घेणाऱ्यालाही १९५४ चा कायदा लागू होतो, तेव्हा वर्तमानपत्रांनीही असा मजकूर दारातूनच परत पाठवावा. आणि वैद्यांच्या संघटनांनी यंदाच्या धन्वंतरी पूजनाला व्याख्यात्याबरोबर एक हिशेबनीस आणि एक वकील बोलवावा, पूजा आटोपल्यावर तरुण वैद्यांना त्यांच्यासमोर बसवावे आणि त्यांच्या शंका संपेपर्यंत सभा मोडू नये.