पारा उतरतो, उकाडा नाही! निवृत्तीनंतर गावी परतलेल्यांना जून का जातोय जड?

जालना : मराठवाड्यातल्या एका अख्ख्या पिढीचा कागदावरचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली, तीच पुढं नोकरीला लागली. सरकारी नियम असा, की महिन्याच्या १ तारखेचा जन्म असेल तर निवृत्ती आदल्या दिवशी. म्हणून दरवर्षी ३१ मेला शिक्षक, पोलीस, कारकून असे कितीतरी जण एकदमच घरी बसतात. शाल-श्रीफळ होतं, क्वार्टर खाली करायची असते, टेम्पोत सामान भरलं जातं आणि भोकरदन, मंठा, घनसावंगीकडचं गाव गाठलं जातं. मुंबई, पुणे, संभाजीनगरात तीस-पस्तीस वर्षं काढलेला माणूस गावात राहायला येतो तो नेमका रोहिणी सरता सरता, मृगाच्या तोंडावर.

हाच काळ वयस्कर माणसाच्या शरीराला सगळ्यात जड जातो. मात्र त्याकडं कोणाचं फारसं लक्ष नसतं, कारण तोवर मोबाईलवरचा आकडा उतरलेला असतो. मे महिन्यात ४२ दाखवणारा फोन जूनमध्ये ३४ दाखवायला लागतो. पोरं फोनवर म्हणतात, "आता तर बरंय ना बाबा तिकडं." बाबांना मात्र रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नसतो.

आकडा एक, अंगाला लागतं वेगळंच

आपल्याकडचा एप्रिल-मेचा उन्हाळा कोरडा. घाम येतो आणि लगेच वाळतो. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून माणूस तग धरतो. जूनमध्ये वळवाचे ढग येतात, हवेत बाष्प वाढतं आणि घाम अंगावरच चिकचिकत राहतो. हवामानशास्त्रात तापमान आणि आर्द्रता एकत्र धरून उष्णता मोजतात. त्या हिशेबानं ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असलेली मे महिन्यातली दुपार अंगाला साधारण ४१ अंशांसारखी लागते. ३४ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर तीच गोष्ट ४२ अंशांवर जाते. फोनवर आठ अंश कमी झाले तरी शरीराला तसूभरही सुटका मिळालेली नसते.

दमट उन्हाचा तडाखा काय असतो ते महाराष्ट्रानं १६ एप्रिल २०२३ ला खारघरमध्ये पाहिलं. महाराष्ट्र भूषण सोहळ्याला लोक भर उन्हात तासन् तास बसले होते आणि १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी त्या भागात पारा ४० च्याही खाली होता.

आता इशाऱ्याचं बघा. भारतीय हवामान विभाग मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करतो ती कमाल तापमान किमान ४० असेल आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल तर, किंवा पारा थेट ४५ ला पोहोचला तर. ३४ अंशांचा दमट दिवस या चौकटीत बसतच नाही. 'उष्ण व दमट हवामान' असा वेगळा इशारा हवामान विभाग देतो, पण तो आपल्या कानावर येतो मुख्यतः कोकणासाठी. परभणीच्या कृषी विद्यापीठातून मराठवाड्याचा हवामान अंदाज आणि पिकांचा सल्ला नियमित निघतो. त्यात मोसंबीच्या बागेला आच्छादन कधी करावं हे असतं, जनावरांना सावलीत बांधा हेही असतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल मात्र ओळभर सापडली तर नशीब.

कूलर असून घामच

गावी परतणारा माणूस पहिल्यांदा कूलर घेतो. मेमध्ये तो मस्त चालतो. ताट्या नवीन असतील तर ४२ अंशांची कोरडी हवा तो २६-२७ वर आणून सोडतो. तोच कूलर ३४ अंशांच्या दमट हवेला जेमतेम २९ करतो, कारण हवेत आधीच बाष्प असलं की पाणी उडत नाही आणि पाणी उडालं नाही तर गारवाही येत नाही. त्यात आपल्याकडं खोलीची दारं-खिडक्या बंद करून कूलर लावायची सवय. मग ओल आतच कोंडते आणि तासाभरात खोलीची भट्टी होते. कूलर खिडकीला बाहेरच्या बाजूनं लावायचा आणि समोरचं दार किंवा खिडकी उघडी ठेवायची, हा त्याचा खरा नियम. जूनमध्ये तर बऱ्याचदा पंप बंद करून नुसता पंखा चालवलेला बरा.

पाण्याचाही हिशेब आहे. साधा घरगुती कूलर दिवसाला ४०-५० लिटर पाणी सहज पितो. टंचाईत टँकरचं पाणी मोजलं जातं माणशी २० लिटरनं. म्हणजे जाफराबाद, बदनापूरकडच्या टँकरवर जगणाऱ्या वस्तीत एक कूलर दोन-अडीच माणसांचं पाणी संपवतो. गावातल्या नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येत असेल तर कूलर हा शोभेचाच.

आणि वीज? वळवाचं वादळ आलं की तारा तुटतात, डीपी जळते. ती बदलून मिळेपर्यंत किती रात्री जातात ते गावकऱ्यांना सांगायला नको. उकाड्याचे दिवस आणि वीज जाण्याचे दिवस एकच असतात. महावितरणचं नियोजन मागणी वाढते त्या मे महिन्याभोवती फिरतं, तर म्हाताऱ्यांचे हाल होतात वादळानंतरच्या त्या दोन-तीन रात्री.

पैशाचा मुद्दा वेगळाच. निवृत्त म्हटलं की लोकांना शिक्षकाची पेन्शन दिसते. पण एसटीचा निवृत्त चालक, साखर कारखान्याचा कामगार, खासगी कंपनीतला फिटर हे सगळे ईपीएस-९५ मध्ये येतात. त्यात किमान पेन्शन २०१४ पासून महिन्याला १ हजार रुपये आहे. ती साडेसात हजार करा म्हणून शेजारच्या बुलढाण्यातून आंदोलन चाललंय, ते यासाठीच. १ हजारात गोळ्या येतात की वीजबिल भागतं, हा प्रश्न त्या माणसाला दर महिन्याला पडतो.

माळवद गेलं, पत्रे आले

परतणाऱ्याच्या डोक्यात गावाचं जे घर असतं ते बहुतेक वेळा लहानपणीचं असतं. जाड भिंती, वर मातीचं माळवद, दुपारी आत शिरलं की अंग निवायचं. ते घर आता नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीची जड घरं माणसांवर कोसळली आणि मराठवाड्यात माळवदाची धास्ती बसली. पांढरी माती टाकणारे, दरसाल डागडुजी करणारे हातही राहिले नाहीत. त्याजागी पत्रे आले, ऐपत असेल तिथं स्लॅब आला. पत्रा दुपारी भाजतो पण रात्री लवकर निवतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री एक-दोन वाजेपर्यंत ते खाली सोडत राहतो. स्लॅबच्या घरात म्हातारी माणसं रात्री अंगणात येऊन बसतात ती यामुळं. माळवद पाडलं हे चुकलं असं म्हणता येणार नाही, जिवाच्या भीतीपुढं गारव्याचं काय. पण नवं घर बांधताना उन्हाचा विचार कोणी केला नाही, ना मालकानं ना घरकुल योजनेनं.

स्वस्तातला उपाय आहे. छताला पांढरा चुना मारला की ऊन बरंचसं परत जातं. अहमदाबाद महापालिकेनं २०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर २०१३ मध्ये देशातला पहिला शहरी उष्णता कृती आराखडा केला आणि पुढं गरीब वस्त्यांमधली छतं पांढरी करून घेतली. आपल्याकडं काही जण पत्र्यावर तुराट्या, पऱ्हाट्या, उसाचं पाचट टाकतात. गारवा होतो, पण ठिणगीची भीती असते. चुना त्यापेक्षा बरा.

म्हातारपणी तहानच लागत नाही

साठीनंतर शरीराची तहानेची जाणीव मंदावते, घामही कमी येतो. "तहान लागली की पिऊ" हे तरुणाला चालतं, आजोबांना नाही. त्यामुळं ठरवून, थोडं थोडं, तासातासाला पाणी, ताक, पन्हं, आंबील पोटात गेली पाहिजे. चहा म्हणजे पाणी नव्हे, हे आजोबांना पटवणं घरच्यांचं काम. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती पाणी प्यायचं हे डॉक्टरांनाच विचारावं लागतं. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्या लघवी वाढवून अंगातलं पाणी काढतात. त्या मनानं बंद करायच्या नाहीत, पण उन्हाळा लागताना डोस दाखवून घ्यायचा. इन्सुलिन घेणाऱ्यांकडं फ्रिज नसेल किंवा वीज गेली असेल, तर कुपी प्लॅस्टिक पिशवीत घालून ओल्या माठात ठेवतात.

पंख्यावरही पूर्ण भरवसा नको. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की ४० अंशांच्या वर नुसता पंखा उपयोगाचा नाही, तो गरम हवाच अंगावर मारतो. तेव्हा ओलं फडकं अंगावरून फिरवायचं आणि मग पंख्याखाली बसायचं.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, तोल जाऊ लागला तर "वयामुळं झालं" म्हणून झोपवू नये. हा उष्माघात असू शकतो. सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतत राहायचं, १०८ ला फोन लावायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. घरात एकटा राहणारा माणूस इथंच मार खातो, कारण बोलणं बिघडलंय हे ओळखायला दुसरं कोणी नसतं.

प्रशासनाला यात फार खर्चही नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे, त्यामुळं आजी-आजोबा केवायसीला, बँकेला, तहसीलला स्वतः जातात. जातात ते सकाळच्या एसटीनं, आणि नंबर लागतो भर दुपारी. मार्च ते जून ज्येष्ठांचं काम सकाळी ११ च्या आत उरकायचं एवढा आदेश निघाला तरी बरंच साधेल. दुसरं, गावात एकटं राहणारं म्हातारं माणूस कोण, हे आशाताईंना आणि पोलीस पाटलांना तोंडपाठ असतं. ती नावं कागदावर आली तर वादळानं वीज गेलेल्या रात्रीनंतर सकाळी कोणाच्या दारात आधी जायचं हे ठरेल. १ मेला ग्रामसभा असते. यादी करणं आणि चुन्यासाठी ग्रामनिधीतून पैसे ठेवणं हे दोन्ही विषय त्या दिवशी मांडता येतात, आणि ३१ मेचा टेम्पो गावात यायला तेव्हा अजून महिना बाकी असतो.