आईबाबांच्या आजारपणासाठी ४०१-के मोडू नका

बाबांच्या बायपाससाठी किंवा आईच्या केमोसाठी ४०१-के, म्हणजे नोकरीतली निवृत्तीची बचत, मोडणं अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यातल्या अनेकांना कर्तव्यच वाटतं. तळमळ खरी असते. तरीही हा मार्ग सगळ्यात शेवटी धरावा, असं माझं ठाम मत आहे.

साडेएकोणसाठ वर्षांच्या आधी पैसे काढले की आयकर लागतोच, वर १० टक्के दंड. उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांपलीकडच्या वैद्यकीय खर्चापुरता दंड माफ होतो, हे ऐकून पुष्कळजण निर्धास्त होतात. पण ही माफी स्वतःच्या, जोडीदाराच्या आणि कायद्याने अवलंबित मानलेल्यांच्या खर्चालाच मिळते. अवलंबित ठरायला अमेरिकेचं नागरिकत्व हवं, नाहीतर अमेरिका, कॅनडा किंवा मेक्सिकोत वास्तव्य हवं. साताऱ्यात राहणारे, भारतीय पासपोर्टवरचे आईबाबा त्यात बसत नाहीत, मग त्यांचा सगळा खर्च तुम्ही करत असलात तरी. २४ टक्के कर भरणाऱ्याला ४०,००० डॉलर हातात हवे असतील, तर साधारण ६०,६०० काढावे लागतात. राज्याचा कर आणखी वेगळा. हीच रक्कम ६ टक्क्यांनी वाढत राहिली, तर २० वर्षांत तिपटीहून जास्त होते. ती नसेल तेव्हा आपला भार आपल्या मुलांवर पडेल, आणि तेच तर आपल्याला नको असतं.

अगदी निकड असेल तर आधी ४०१-केवर कर्ज मिळतं का ते विचारा. बहुतेक योजनांत जमा रकमेच्या निम्मे, जास्तीत जास्त ५०,००० डॉलर मिळतात. पाच वर्षांत फेडले तर कर नाही, दंड नाही. नोकरी सुटली तर मात्र उरलेलं कर्ज लवकर फेडावं लागतं, म्हणून ले-ऑफची कुणकुण असताना हे करू नये.

खरं काम आईबाबा हिंडतेफिरते असतानाच करायचं असतं. भारतात पासष्टीनंतरही नवी आरोग्य पॉलिसी घेता येते. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारतचं वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, योजनेतल्या रुग्णालयांपुरतं. यंदा घरी जाल तेव्हा भावंडांना घेऊन बसा आणि कोण किती देणार, धावपळ कोण करणार, हे स्पष्ट ठरवा. धावपळ करणाऱ्या भावाचा वाटाही पैशांइतकाच मोठा माना. आई म्हणेल, "आम्हाला काय धाड भरलीय?" तरी विषय सोडू नका. आधीपासूनच्या आजारांसाठीचा तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ पॉलिसी घेतल्यावरच सुरू होतो.