थाळी एकच, पण करकोच्याने जेवावे कसे?



"वकीलसाहेब, या नियमात जातीचा शब्द तरी कोठे आहे? आणि अमेरिकेच्या कोर्टाचे निवाडे येथे कशाला ऐकवता?" एका नगरपालिकेच्या विद्वान वकिलांनी भर कोर्टात मला हे दोन प्रश्न एका दमात विचारले. प्रकरण साधे होते. सोळा वर्षे रस्ते झाडणाऱ्या एक बाई शेवटची तीन वर्षे मुकादमाचे काम प्रत्यक्ष करीत होत्या. हजेरी घेणे, माणसे वाटून देणे, गाडी आली नाही तर वरिष्ठांना कळविणे, सारे काही त्यांच्याकडे होते. फक्त पगार तेवढा झाडूवालीचा. मुकादमाची जागा कायम भरावयाची वेळ आली आणि दहावी उत्तीर्णतेची अट पुढे आली. ज्यांनी काम करून दाखविले त्या अपात्र ठरल्या. ज्याने झाडूला कधी हात लावला नाही तो पात्र ठरला. नियम सर्वांस सारखा, असे पालिकेचे म्हणणे!

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच कथेत आहे. अमेरिकेतील न्यायाधीशांचा एक विचार अटलांटिक ओलांडून युरोपात कसा गेला, आणि तेथून पुढे कोठे पोचला, त्याची ही कथा. ती तुम्ही ऐकली पाहिजे, कारण उद्या हेच दोन प्रश्न तुमच्या मुलालाही विचारले जातील.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात ड्यूक पॉवर नावाच्या कंपनीचे वीजकेंद्र होते. तेथे पाच खाती होती. कृष्णवर्णीय कामगारांना एकाच खात्यात घेत, ते म्हणजे मजुरांचे खाते. त्या खात्यातील सर्वांत वरच्या जागेचा पगार इतर चार खात्यांतील सर्वांत खालच्या जागेच्या पगारापेक्षाही कमी होता. नोकरीत वर्णभेद करण्यास बंदी घालणारा १९६४ चा कायदा २ जुलै १९६५ रोजी अमलात आला. कंपनीने उघडी बंदी सोडली. परंतु इतर खात्यांत जाण्यासाठी हायस्कूलच्या प्रमाणपत्राची अट तिने आधीच घालून ठेवली होती आणि कायदा अमलात आला त्याच दिवशी नव्या भरतीसाठी बुद्धिमापनाच्या दोन चाचण्या जोडल्या. १९६० च्या खानेसुमारीप्रमाणे त्या राज्यात हायस्कूल पुरे केलेले गोरे पुरुष शेकडा ३४ होते, कृष्णवर्णीय पुरुष शेकडा १२. त्या केंद्रातील १४ कृष्णवर्णीय कामगारांपैकी १३ जण न्यायालयात गेले.

कंपनीची बाजू तुमच्या परिचयाची आहे. आमच्या अटीत वर्णाचा उल्लेख नाही; आमचा हेतू दुष्ट नाही; गुणवत्तेला कोणी मना केली आहे? खालच्या न्यायालयांना हे पटले. सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च १९७१ रोजी एकमताने ते फेटाळले. निवाडा लिहिणारे मुख्य न्यायमूर्ती वॉरन बर्गर काही क्रांतिकारक नव्हते; ते राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नेमलेले, जुन्या वळणाचे गृहस्थ. तरीही त्यांनी प्रश्न नेमका विचारला. या प्रमाणपत्राचा त्या कामाशी संबंध काय? ज्या गोऱ्या कामगारांजवळ ते नव्हते, ते त्याच जागांवर वर्षानुवर्षे उत्तम काम करीत होते की नाही? करीत होते. मग अट कामासाठी नव्हती. आणि अट कामासाठी नसेल व तिचा भार एकाच समाजावर पडत असेल, तर मालकाचा हेतू शुद्ध होता की अशुद्ध याची चौकशी करण्याचे कारण उरत नाही. हे समजावताना बर्गर यांनी कोल्हा व करकोचा यांची गोष्ट आठवून दिली. तीच, जी आपण मराठी शाळेत वाचली. कोल्ह्याने दोघांसाठी सारखीच थाळी मांडली होती. लांब चोचीचा करकोचा उपाशी राहिला.

हा विचार अमेरिकेबाहेर गेला कसा? १९७४ च्या डिसेंबरात ब्रिटनचे गृहमंत्री रॉय जेन्किन्स आणि त्यांचे सल्लागार, विधिज्ञ अँथनी लेस्टर, अमेरिकेस गेले. स्त्रियांच्या समानतेसाठी ब्रिटिश सरकारने आखलेल्या विधेयकात तोवर केवळ हेतुपुरस्सर भेदभावाचाच विचार होता. अमेरिकेत ग्रिग्ज यांच्या खटल्याचे तत्त्व समजून घेऊन ते परतले आणि विधेयक बदलले. १९७५ चा स्त्रीपुरुष भेदभावविरोधी कायदा व १९७६ चा वंशसंबंध कायदा यांत 'अप्रत्यक्ष भेदभाव' ही कल्पना आली. (एका शीख मुलाला पगडीमुळे इंग्लंडातील एका शाळेने नाकारले तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८३ साली याच कायद्याखाली त्याला न्याय दिला. टोपीचा नियम तेथेही 'सर्वांस सारखा' होता.) पुढे लक्झेंबर्गच्या न्यायालयाने १९८६ मध्ये अर्धवेळ काम करणाऱ्या स्त्रियांच्या निवृत्तिवेतनास हे तत्त्व लावले.

आता ओस्त्रावा शहराकडे या. येथे मी थोडा थांबणार आहे. चेक प्रजासत्ताकातील या शहरात रोमा मुलांना मंदबुद्धी मुलांसाठी काढलेल्या 'विशेष' शाळांत घालीत. रोमा म्हणजे ज्यांची भाषा आपल्या मराठीच्याच भारतीय आर्यकुळातील आहे आणि ज्यांना युरोपने शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले, ते लोक. १८ मुलांच्या वतीने न्यायालयात आकडे मांडण्यात आले. शहराच्या प्राथमिक शाळांतील मुलांत रोमा शेकडा २.२६, विशेष शाळांतील मुलांत शेकडा ५६. इतर समाजाच्या मुलांपैकी विशेष शाळेत गेलेली शेकडा १.८, तर रोमा मुलांपैकी शेकडा ५०.३! शासनाने सांगितले की बुद्धिमापनाची चाचणी सर्वांना एकच होती आणि आईबापांनी संमतिपत्रावर सह्या केल्या होत्या. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाच्या छोट्या पीठाने २००६ साली मुलांचा अर्ज फेटाळला. तेथेही अडचण तीच होती, हेतू सिद्ध झाला नाही. प्रकरण मोठ्या पीठापुढे गेले. १३ नोव्हेंबर २००७ रोजी १३ विरुद्ध ४ मतांनी निर्णय फिरला. आकड्यांवरून भेदभावाचा कयास करता येतो, मग तो खोडण्याचा भार शासनावर पडतो. आणि ज्यांना पर्यायच ठाऊक नव्हता अशा आईबापांच्या सहीने मुलाचा समतेचा हक्क सोडून देता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्या निवाड्यात अमेरिकेच्या ग्रिग्ज खटल्याची नोंद आहे. रोमा मुलांच्या बाजूने उभे राहिलेल्या विधिज्ञांत तेच अँथनी लेस्टर होते.

वाचकहो, अंगठा आणि सही यांच्या बळावर आपल्या वाडवडिलांकडून काय काय लिहून घेतले गेले ते आठवा. मग त्या संमतिपत्राविषयी मला अधिक लिहावे लागणार नाही.

परंतु ही देवाणघेवाण ज्यांना मुळीच रुचत नाही असा मोठा पक्ष अमेरिकेतच आहे. २००५ साली अल्पवयीन असताना केलेल्या गुन्ह्यास देहांत शिक्षा देऊ नये असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरविले आणि इतर देशांच्या मताचा आधार घेतला, तेव्हा न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी कडक भिन्नमत लिहिले. त्यापूर्वी, १९९९ साली, न्यायमूर्ती ब्रेयर यांनी फाशीच्या कोठडीत वर्षानुवर्षे कुजत पडलेल्या कैद्यांविषयी लिहिताना युरोपीय न्यायालयाबरोबर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचाही दाखला दिला. त्यावर न्यायमूर्ती थॉमस यांनी टोला हाणला की आपल्या देशात आधार असता तर स्ट्रासबर्ग, झिंबाब्वे आणि भारत यांच्याकडे धावण्याची गरजच पडली नसती. थॉमस स्वतः कृष्णवर्णीय आहेत, हे येथे सांगून ठेवतो. वर्ण एक असला म्हणजे विचार एक असतो असे मानणाऱ्यांसाठी.

स्कॅलिया यांचा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ते म्हणत की न्यायाधीश आपल्या सोयीचा परदेश निवडतो. गैरसोयीचा परदेश त्याला दिसत नाही. हे खोटे नाही. १९९८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे चार न्यायमूर्ती लक्झेंबर्गच्या न्यायालयास भेट देऊन आले, भाषणे झाली, मेजवान्या झाल्या; त्या भेटींचे गोडवे गाणारे विद्वान मी वाचले आहेत. पण मेजवानीतून न्याय निघतो असे ज्यांना वाटते त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

पहिली जर्मनीची. हाइनरिख क्रीगर नावाचा तरुण जर्मन विधिज्ञ १९३३-३४ मध्ये अमेरिकेच्या आर्कान्सॉ विद्यापीठात शिकत होता. गोऱ्याकाळ्यांच्या विवाहास बंदी करणारे अमेरिकन कायदे त्याने अभ्यासिले. ५ जून १९३४ रोजी बर्लिनमध्ये नाझी विधिज्ञांची बैठक भरली, तिच्यात त्या कायद्यांचा खल झाला. आणि १९३५ साली न्यूरेंबर्गचे कायदे आले. तीही अमेरिका आणि युरोप यांच्यातील विद्येची देवाणघेवाणच होती! दुसरी गोष्ट आपल्या घरची. संविधानाचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेस गेले. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी त्यांना सांगितले की यथोचित प्रक्रियेचे तत्त्व न्यायाधीशांच्या हाती फार सत्ता देते. राव यांना ते पटले आणि मसुदा समितीने ते शब्द गाळले. १९५० च्या गोपालन खटल्यात त्याची किंमत कळली. विनाचौकशी तुरुंगात टाकलेल्या माणसाला न्यायालय म्हणाले, कायदा झाला आहे, तेवढे पुरे. ही चूक सुधारण्यास १९७८ चा मनेका गांधी खटला यावा लागला. मधल्या काळात बाबासाहेबांनी १९४९ साली अटकेविरुद्धच्या संरक्षणाचे कलम घालून जे वाचविता आले तेवढे वाचविले.

तर मग परदेशाकडे पाहूच नये काय? हा निष्कर्ष आळशी माणसाचा आहे. संविधान उसने आहे असा गिल्ला करणाऱ्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी उत्तर दिले होते की उसने घेण्यात लाजण्यासारखे काही नाही, राज्यघटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाचा मालकी हक्क नसतो. वाद देशी की विदेशी हा नाहीच. घेतलेला विचार उघड्यावर, निवाड्याच्या पानावर, कारणांसह मांडला आहे काय, की बंद खोलीतल्या गप्पांतून आला आहे? आणि तो कोणाच्या मानेवरील जू काढतो, कोणाच्या मानेवर ठेवतो? क्रीगरने नेले तेही अमेरिकेचेच आणि लेस्टर यांनी नेले तेही अमेरिकेचेच. स्कॅलिया यांना निवडीचा राग होता. पण फक्त आपल्याच घरात पाहणे हीसुद्धा निवडच आहे, आणि ज्या घरात तुम्हाला ओसरीवरही घेत नव्हते त्या घराच्या परंपरेतच न्याय शोधा असे सांगणे ही तर फार सोयीची निवड आहे.

या विचाराच्या माहेरी आज काय चालले आहे तेही पाहा. २३ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढून परिणामावरून भेदभाव ठरविण्याचे हे तत्त्व सरकारी कारभारातून शक्य तितके हद्दपार करण्याचे फर्मान दिले, तेही गुणवत्तेच्या नावाने. ड्यूक पॉवर कंपनीचे १९६५ चे म्हणणे याहून निराळे नव्हते.

आणि आपल्याकडे? २५ मार्च २०२१ रोजी लेफ्टनंट कर्नल नितिशा यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सैन्यातील स्त्री अधिकाऱ्यांना लावलेले 'सर्वांस सारखे' निकष अप्रत्यक्ष भेदभावाचे ठरविले, आणि त्या निवाड्यात ग्रिग्ज खटल्याची चर्चा केली. म्हणजे माझ्या विद्वान मित्रांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिल्लीनेच देऊन ठेवले आहे. परंतु दिल्लीचेच दुसरे उत्तरही आहे, ते लपविणे वकिलाला शोभणार नाही. १० डिसेंबर २०१५ रोजी राजबाला खटल्यात त्याच न्यायालयाने हरियाणातील पंचायत निवडणुकीसाठी शाळेच्या शिक्षणाची अट वैध ठरविली. सर्वसाधारण पुरुषाला दहावी, स्त्रियांना व अनुसूचित जातींच्या उमेदवारांना आठवी, अनुसूचित जातीच्या स्त्रीला पंच होण्यासाठी पाचवी; शिवाय घरी शौचालय हवे. सवलत दिली, असे वाटते ना? ज्या पिढीला शाळेची पायरी चढू दिली नाही तिलाच शाळेचा दाखला विचारला! नॉर्थ कॅरोलायनाच्या कामगारांनी ४४ वर्षांपूर्वी जिंकलेला मुद्दा हरियाणाच्या स्त्रिया हरल्या.

म्हणून सांगतो. कोणतीही अट तुमच्या वाटेत आली की ती वाचून 'यात जात नाही' म्हणून घरी परतू नका. माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा: अर्ज किती आले व कोणत्या प्रवर्गातून, अटीमुळे कोण किती गळाले, आणि या अटीविना ते काम आजवर कोणी केले. बर्गर यांनी विचारले ते हेच. आमच्या बाईंच्या प्रकरणात पालिकेने तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी दिले आहे: मागील सात मुकादमांपैकी चार जण दहावी नव्हते. त्यांच्यापैकी एकही आपल्या वस्तीतील नव्हता, हे मात्र आम्हाला आमच्या खर्चाने शोधावे लागले. पुढील तारखेस तो कागद आणि नितिशा खटल्याची प्रत अशा दोन्ही वस्तू मी बरोबर नेणार आहे.