नावं दोन, यादी एकच!



"व्हेरिएबल म्हणजे डबा" असं आपण मुलांना सर्रास सांगतो. पहिल्या दिवशी ते सोपं पडतं. पण लिस्ट शिकवायच्या आधी हा डबा बाजूला ठेवलाच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते या तीन ओळींत बघा. पायथन 3 मध्ये देवनागरी नावं चालतात, त्यामुळे ओळी जशाच्या तशा चालवून पाहता येतील.

गुण = [35, 42, 28]
सराव = गुण
सराव[0] = 50

आता "गुण" मध्ये काय आहे? मुलं म्हणतात, 35, 42, 28. डबे दोन आहेत ना! प्रत्यक्षात 50, 42, 28 दिसतं. कारण दुसऱ्या ओळीत नवी यादी झालीच नाही, त्याच यादीला दुसरं नाव मिळालं. घरी बाळू, शाळेत बाळकृष्ण, मुलगा एकच.

वेगळी प्रत हवी असेल तर सराव = गुण[:] असं लिहावं लागतं. ही झाली झेरॉक्स. पण यादीच्या आत याद्या असतील तर तेवढ्याने भागत नाही. पत्त्यांच्या वहीची झेरॉक्स काढली की वह्या दोन होतात, घरं दोन होत नाहीत. आतलंही नवं हवं असेल तर डीपकॉपी वापरायची.

मग "नेहमी प्रतच काढा" असा नियम द्यायचा का? अजिबात नाही. लाखभर नोंदी दर वेळी उतरवून काढण्यात वेळ आणि मेमरी दोन्ही जातात. शिवाय काही वेळा बदल सगळीकडे दिसायलाच हवा असतो.

नियमाऐवजी प्रश्न द्या: ही यादी बदलायचा हक्क कोणाचा? समजा, मुलं हजेरीपटाचा क्लास लिहीत आहेत. हजेरी मांडणाऱ्या मेथडला मूळ यादी लागते. बाहेरून नुसतं बघणाऱ्याला प्रत पुरते. त्याच्या हाती मूळ यादी दिली, तर हजेरी परस्पर बदलेल आणि एररसुद्धा येणार नाही.

एरर येत नाही, हीच खरी अडचण. मुलाला वाटतं, आपल्याला हे जमतच नाही. म्हणून पालकहो, घरी मूल असं अडलं तर कोड येत नसला तरी चालेल. त्याला कागद द्या आणि विचारा, "कुठलं नाव कुठल्या यादीकडे बोट दाखवतंय? बाण काढून दाखव बरं!"