आप्तभेट आणि लोकदर्शन

घारापुरीसमोरच्या मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याकडे नित्य जा-ये करणाऱ्या आमच्या उरण-पनवेल परिसरातील कित्येक घरांतील मुले-मुली आता परदेशी स्थायिक झाली असून, त्यांच्या भेटीस निघालेल्या आईवडिलांच्या हकीकती या अंकात आम्ही मोठ्या आस्थेने सादर करीत आहोत.

या प्रवासपरंपरेचा एक थोर दाखला सव्वाशे वर्षांहून जुना आहे. आपल्या आप्त आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई १८८६ साली इंग्लंडहून फिलाडेल्फियास गेल्या. परंतु तेवढ्यावरच संतुष्ट न राहता, दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत हिंडून, तेथील शिक्षण, राज्यव्यवस्था आणि स्त्रियांची स्थिती यांचे साक्षेपी निरीक्षण करून, त्यांनी १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ मराठी वाचकांच्या हाती दिला.

आप्ताचे घर हे प्रवाशाला लाभलेले असे प्रवेशद्वार आहे की, जे कोणत्याही सहलकंपनीच्या यादीत सापडत नाही. कारण प्रेक्षणीय स्थळे नगराचे वैभव दाखवितात, तर शेजारची शाळा, सार्वजनिक ग्रंथालय, बाजार आणि रुग्णालय तेथील माणसांचे परस्परांशी असलेले वर्तन उघड करतात. म्हणून परदेशी जाणाऱ्या वाचकांस आमची आग्रहाची विनंती आहे, की छायाचित्रांबरोबर रोजनिशीही ठेवावी, पाहिलेले तपशीलवार लिहावे आणि ते आमच्याकडे निःसंकोच पाठवावे.