पडदा

डोळा आणि कान यांत चार बोटांचे अंतर असते, असे आपले वाडवडील सांगत. ऐकिवावर विसंबू नये, स्वतः पाहावे, असा त्याचा अर्थ. पण डोळ्यांनी पाहिलेलेच खोटे निघाले, तर?

१२ डिसेंबर १९५४ रोजी इंग्लंडमध्ये बीबीसीने दूरचित्रवाणीवर ‘नाइन्टीन एटी-फोर’ हे नाटक दाखवले. जॉर्ज ऑरवेल यांच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर ते आधारलेले होते. ते पाहून अनेक प्रेक्षक हादरले आणि त्याची चर्चा पार्लमेंटपर्यंत पोहोचली. तरीही चार दिवसांनी ते पुन्हा सादर झाले.

त्या कथेचा नायक विन्स्टन याच्या घरात भिंतीवर एक पडदा आहे. तो सतत बातम्या सांगतो आणि घरातील माणसांवर पाळतही ठेवतो. विन्स्टनला तो बंद करता येत नाही. विन्स्टन नोकरी करतो ‘सत्य-मंत्रालया’त, पण तेथे त्याचे काम जुन्या वृत्तपत्रांतील मजकूर बदलण्याचे! कादंबरीत एक प्रसंग आहे. चॉकलेटचा आठवड्याचा शिधा ३० ग्रॅमवरून २० ग्रॅम होणार, असे जाहीर होते. दुसऱ्याच दिवशी पडदा सांगतो, की शिधा वाढवून २० ग्रॅम केल्याबद्दल लोक आभाराच्या मिरवणुका काढीत आहेत. कालची घोषणा जणू कोणी ऐकलीच नव्हती!

मला वाटते, असत्याचे खरे बळ येथे आहे. ते आपल्याला केवळ फसवीत नाही. आपली आठवण आणि आपली विचारशक्ती हिरावून घेते. शिधा कमी झाला हे ज्याला आठवत नाही, तो तक्रार तरी कशाची करणार?

मग पडदा वाईटच म्हणावा काय? तसे नव्हे. हा इशारा इंग्लंडमधील घराघरांत पोहोचला, तो पडद्यावरूनच. ते नाटक काल्पनिक होते, तरी त्याने सत्य सांगितले. नाटकातील पडदा ‘बातम्या’ देत होता, तरी तो खोटे बोलत होता. आपल्या भाषेतील ‘पडदा’ हा शब्द मोठा मार्मिक आहे. पडद्यावर चित्र दिसते आणि पडद्याआड वस्तू झाकतेही.

आज पडदा आपल्या हातात आला आहे. त्यावर हुबेहूब खरी वाटणारी बनावट चित्रेही येतात. म्हणून, मुलांनो, प्रत्येक चित्रापाशी क्षणभर थांबा. हे कोण दाखवीत आहे? कशासाठी? चौकटीबाहेर काय राहिले? काल काय सांगितले होते? हे प्रश्न विचारा, आणि गरज वाटेल तेव्हा पडदा बंद करा. विन्स्टनला ते स्वातंत्र्य नव्हते, आपल्याला आहे.