बचत आधी, विश्लेषण नंतर

कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१६ च्या फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये, दोन टप्प्यांत, 'फिनिक्स' ही वेतनप्रणाली लागू केली. पुढच्या दोन वर्षांत सुमारे २ लाख ९० हजार कर्मचाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचे पगार चुकले. दोष प्रामुख्याने सॉफ्टवेअरवर गेला. पण ते ज्या कामाची जागा घेणार होते ते काम नेमके काय होते, हे शोधणे बिझनेस अ‍ॅनालिस्टच्या कक्षेत येते, आणि त्याच्या शोधाला अर्थ उरू नये अशी चौकट आधीच आखली गेली होती.

ती चौकट म्हणजे वर्षाला ७ कोटी डॉलरची बचत. सुमारे १,२०० वेतन-सल्लागारांचे काम मिरामिशी येथील केंद्रात ५५० जणांनी करायचे होते. हे सल्लागार सुमारे ८० हजार वेतननियम सांभाळत, शिवाय नियमांत न बसणारा उशीरही पचवत. वरिष्ठाच्या जागी कुणी हंगामी काम केले, तर वाढीव पगाराच्या मंजुरीचा कागद अनेकदा काम संपल्यावर येई. सल्लागार दोन फोन करून, हाताने हिशेब मांडून ती तफावत मिटवी. फिनिक्सला नोंद वेळच्या वेळी हवी होती. म्हणजे यंत्रासोबत असंख्य अधिकाऱ्यांची सवयही बदलणे भाग होते.

२०१२ मध्ये, प्रणाली उभारणाऱ्या आयबीएमचा खर्चाचा अंदाज २७.४ कोटी डॉलरवर गेला. मंजूर तरतूद १५.५ कोटींची होती. वाढीव निधी न मागता प्रणालीच्या नियोजित ९८४ पैकी शंभराहून अधिक कार्ये वगळली किंवा पुढे ढकलली गेली. त्यांत पूर्वलक्षी वेतनाचा हिशेबही होता. (महागाई भत्त्याची थकबाकी ज्यांनी कधी काढली आहे, त्यांना हे कार्य वगळण्याजोगे कसे ठरले याचे नवल वाटेल.) प्रायोगिक चाचणीही रद्द झाली.

हे निर्णय एकमेकांना पोसतात. उशिरा आलेली नोंद पूर्वलक्षी हिशेब मागते, तो प्रणालीत नाही म्हणून माणसाकडे येतो, माणसे कमी केल्यामुळे तुंबतो, आणि तुंबलेली प्रत्येक फाइल पुढच्या पगारात नवी दुरुस्ती निर्माण करते. पदकपातीची बचत अर्थसंकल्पात एकदा धरली गेली, की विश्लेषकाचे प्रतिकूल निरीक्षण 'जोखीम' म्हणून नोंदवले जाते. त्यावरून तारीख मात्र हलत नाही.

आज दावे, हजेरी, तक्रारनिवारण अशी कामे स्वयंचलित करणाऱ्या संस्थांत हाच क्रम राहिला, तर वेगळ्या निष्पत्तीची अपेक्षा ठेवायला आधार दिसत नाही. गरजांच्या तक्त्यात किमान एक रकाना हवा: हे काम आज कोण, कोणत्या नियमाला वळसा घालून पार पाडते? आणि तो भरून तपासला जाईपर्यंत एकही पद कमी होऊ न देण्याचा लेखी अधिकार विश्लेषकाच्या अहवालाला मिळाला पाहिजे.